दिसतंय काय ते सांग

“दिसतंय काय ते सांग. ठीक आहे की नाही, ते तू ठरवू नकोस.”

हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि पुढची काही वर्षं ऐकत राहिले. बोलणाऱ्या आमच्या टीम लीड. वयानं आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, अविवाहित, राहायला वारज्यात. ऑफिसात एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, पण त्यांना सगळे ताईच म्हणत. नुसत्या नावानं हाक मारायची कुणाची छाती झाली नाही.

आमचं ऑफिस पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीत. देशभरातल्या औषधांच्या शीतगृहांचं तापमान आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं. प्रत्येक शीतगृहाचा एक चौकोन. हिरवा असला की सगळं सुरळीत, लाल झाला की धावपळ. तुम्हाला वाटेल, यात कसलं आलंय काम? बरोबर आहे. फक्त काहीही न घडण्याकडे दिवसभर बघत बसण्याची ताकद लागते.

नवीन मुलं आली की ताई त्यांना विचारायच्या, “मॉनिटर करणं म्हणजे काय?” कुणी म्हणायचं, वर्गातला मॉनिटर, बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. कुणी समोरच्या संगणकाकडे बोट दाखवायचं. एक जण धीटपणे म्हणाला, “मॅनेजर आमच्यावर करतात ते.”

“ती पाळत,” ताई म्हणाल्या. “पाळत संशयितावर ठेवतात. देखरेख कामावर ठेवतात. आणि लक्ष ठेवतात आपल्या माणसावर. इंग्रजीत तिन्ही एकाच शब्दात उरकतं. पगारही एकच मिळतो. पण तू लक्ष ठेव.”

एकदा डोंगराकडच्या एका गावातल्या शीतगृहाचा आकडा सकाळपासून जराही हलला नव्हता. आम्ही खूश. ताई म्हणाल्या, “इतका गुणी फ्रीज मी जन्मात पाहिलेला नाही. फोन लाव.” तिकडच्या वॉचमननं सांगितलं की सकाळपासून लाईट नाही. तापमान मोजणारं यंत्रच बंद पडलं होतं आणि पडद्यावर त्याचा शेवटचा आकडा तसाच हिरवा राहिला होता. ताई कुणालाही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बंद पडलेलं यंत्र ओरडत नाही. गप्प बसतं. आणि गप्प बसलेलं आपल्याला नेहमी बरं वाटतं.”

घरी त्यांचे वडील होते. गावाकडच्या शाळेत हेडमास्तर होते, निवृत्तीनंतर लेकीकडे आले आणि हळूहळू सगळं विसरायला लागले. शाळेची वेळ मात्र विसरले नाहीत. दुपार झाली की टोपी घालून दार उघडायचे. सोसायटीच्या फाटकाबाहेर सर्व्हिस रोड आणि त्याच्यापलीकडे हायवे. एकदा ते हायवेच्या कडेला सापडले होते. तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू. ताई म्हणाल्या, “अनोळखी घरात ते घाबरतील. इथेच राहतील. मी लक्ष ठेवीन.” भावाला दिलेला हा शब्द त्यांनी अगदी मनावर घेतला होता.

सांभाळायला मावशी यायच्या, त्या दुपारचं जेवण देऊन जायच्या. संध्याकाळी शेजारच्या काकू चहा घेऊन यायच्या. मधल्या वेळासाठी ताईंनी बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवला. दार हललं की त्यांचा फोन वाजायचा, आणि आवाज ठेवला होता शाळेच्या घंटेचा. घंटा झाली की आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं, “भरली शाळा.” ताई फोन तोंडाशी धरून म्हणायच्या, “बाबा, बसा.”

कॅमेऱ्यातून आवाज आला की बाबांना वाटायचं, तपासणीला साहेब आलेत. ते टोपी सारखी करायचे, “हो साहेब” म्हणायचे आणि खुर्चीत बसायचे. कधी मात्र आवाज ओळखायचे. मग वर बघून विचारायचे, “बाळ, चहा घेतेस?” ताई म्हणायच्या, “घेते, बाबा.” आणि खरंच उठून मशीनचा चहा घेऊन यायच्या. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

ते झोपलेले असले की मात्र त्या कधी हाक मारत नसत. एकदा हाकेनं दचकून उठले होते आणि लेकीला घरभर शोधता शोधता पडले होते. तेव्हापासून झोपलेल्या बाबांना त्या फक्त बघायच्या.

त्या दिवशी मावशी गेल्यानंतर घंटा वाजलीच नाही. आमच्याकडेही सगळा पडदा हिरवा होता. ताई मधूनमधून फोन उघडून बघत होत्या. बाबा खुर्चीत, मान छातीवर, टोपी मांडीवर. “आज शाळेला सुट्टी दिसतेय,” त्या म्हणाल्या. “शांत झोपलेत.” किती दिवसांनी त्यांनी डबा सावकाश खाल्ला. मला त्यातली शेपूची भाजीही दिली.

संध्याकाळी घंटा वाजली. “उठले वाटतं,” म्हणत त्यांनी हसत फोन उचलला. दार काकूंनी उघडलं होतं. चहाचा कप खाली ठेवून काकू बाबांचा खांदा हलवत होत्या. ताई बघत राहिल्या. हाक मारायला फोन तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला.

खराडीहून वारजे म्हणजे सगळं पुणे ओलांडायचं. मी कॅबमध्ये त्यांच्याबरोबर होते. डॉक्टर म्हणाले, जेवणानंतर लगेचच गेले असावेत. वेळेवर कळलं असतं तर काही झालं असतं का, हे ताईंनी विचारलं. डॉक्टर कागद भरत राहिले. भाऊ आला, तोही काही बोलला नाही. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

“मी बघत होते ग,” ताई मला म्हणाल्या. “दिवसभर बघत होते.”

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्या कामावर आल्या. पडद्याकडे बघायच्या, फोन लावायच्या, पण ते वाक्य त्यांच्या तोंडी पुन्हा आलं नाही. घरचा कॅमेरा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. एका दुपारी घंटा वाजली. मावशी स्वतःकडची किल्ली वापरून साफसफाईला आल्या होत्या, हे नंतर कळलं. ताईंची नजर पडद्यावर होती. ती न हलवता त्यांनी फोन उचलला, तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, “बाबा, बसा.”

मग त्यांनी फोन उलटा ठेवला आणि बाहेर गेल्या. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. नोटिशीची मुदत भरायला मॅनेजरनं लावलं नाही.

त्यांच्या जागेवर आता मी बसते. नव्या मुलांना मीच विचारते, मॉनिटर करणं म्हणजे काय, आणि त्यांची उत्तरं ऐकून मला हसू येत नाही.

ताईंना फोन करते. सुरुवातीला उचलत नसत, आता उचलतात. “कशा आहात?” म्हटलं की “ठीक आहे” म्हणतात आणि ठेवतात. आवाज दर वेळी तसाच, जराही न हललेला. परवा त्या ठेवायच्या आत मी घाईनं म्हटलं, “ताई, ठीक आहे ते नका सांगू. दिसतंय काय ते सांगा.”

मग त्या म्हणाल्या, “खुर्ची.”

मी मॅनेजरला न सांगता कॅब मागवली.