वाळूतलं हान्स-हालिनाचं गाव

निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग दोहात, अल अझीझियाला, मुलाच्या फ्लॅटवर. ड्यूटी सोपी. सकाळी नातीला स्कूलबसपर्यंत एस्कॉर्ट, संध्याकाळी कंपाउंडमधला बाक. बाकावरची पलटण तिघांची: मी, पंचाऐंशीचे जर्मन हान्स आणि पोलंडच्या हालिनाबाई. तेही माझ्यासारखेच मुलांकडे आलेले.

योगायोग असा, की त्या दोघांचं गाव एकच. आधी ते जर्मनीचं होतं. महायुद्धानंतर पोलंडकडे गेलं आणि लहानग्या हान्सला बोचकं घेऊन निघावं लागलं. त्या रिकाम्या घरांत हालिनाचे आईवडील आले, तेही दुसरीकडून हाकललेलेच. आता गावातली गिरणी बंद, शाळा बंद, तरुण पोरं परदेशी. भांडण मात्र जोरात चालू.

"युवर पीपल स्पॉइल्ड इट!" हान्स म्हणायचे.

"युवर रूफ लीकिंग फ्रॉम फर्स्ट डे!" हालिनाबाई.

एकदा गावातली बेकरी कुठे होती यावरून पेटलं आणि हालिनाबाई तरातरा निघून गेल्या. आठवडाभर फिरकल्याच नाहीत. मला करमेना. या वयात नवी पलटण कुठून उभी करायची?

फौजेत इलाका समजावायचा तर सँड मॉडेल करतात, म्हणजे जमिनीवर वाळूचा नकाशा. दोहात वाळूला काय तोटा! दोघांच्या घरी जाऊन हुकूम सोडला, "फॉल इन!" दोघं बाकापुढच्या वाळूत येऊन उभे राहिले.

वरून मुलगा ओरडला, "बाबा, प्लीज! सगळं कंपाउंड बघतंय."

खजुराच्या बिया म्हणजे घरं. हान्सनी बेकरी मांडली. हालिनाबाईंनी ती उचलून तिथेच न्हाव्याचं दुकान मांडलं. तुंबळ लढाई झाली. शेवटी उलगडा झाला: बेकरी गेल्यावर त्याच जागी न्हावी आला होता. दोघंही खरे.

"आता ओस पडलेली घरं उचला," मी म्हणालो. बिया उचलता उचलता गल्ल्याच्या गल्ल्या संपल्या.

"युद्धात पडलेल्यांसाठी आता तिथे कोण उभं राहतं?" मी विचारलं.

"नोबडी," हालिनाबाई म्हणाल्या.

आमच्या पलटणीत शहिदाचं नाव पुकारलं की सगळे मिळून 'हजर' म्हणतात. ते त्यांना शिकवलं. हान्सच्या वडिलांचं नाव पुकारलं, "ओटो!" हान्सनी टोपी काढली. ओ दिली हालिनाबाईंनी. मग त्यांच्या काकांच्या, यानच्या नावाला हान्सनी दिली.

तेवढ्यात कंपाउंडचं मांजर आलं आणि वाळूतल्या चर्चवर ऐसपैस पसरलं. एक गोळी न झाडता गाव तिसऱ्याच्याच ताब्यात. आम्ही पोट धरून हसलो.

हसू ओसरलं तसा मी सावधान उभा राहिलो. माझा फौजेतला जोडीदार बर्फात कायमचा राहिला, वर्दी उतरवल्यापासून त्याचं नाव मी कुणासमोर घेतलं नव्हतं. फार आठवण येते त्याची.

"नायक शिवराम!"

जर्मनी आणि पोलंड एका सुरात म्हणाले, "हजर!"