लोकांच्या उलट लावलेली मिशी

आता काय लपवायचं तुमच्यापासून! हसा खुशाल, पण आधी तोंडातला चहा गिळा.

मला एक जन्मजात खोड आहे. चार माणसं एका बाजूला गेली की मी हटकून दुसऱ्या. मिशीसुद्धा वीस वर्षं एवढ्यासाठीच वाढवली, की चारचौघांसारखा दिसू नये! त्यात मध्यंतरी मोबाईलवर कुणाचं तरी प्रवचन ऐकलं. पैज जिंकायची तर लोकांच्या उलट लावा, लोक नेहमी चुकतात. म्हटलं, अरे, मग मी हुशारच की!

तेवढ्यात सासुरवाडीला, नेऱ्याला, बैलगाड्यांची शर्यत आली. शेवटची फेरी नेऱ्याची जोडी विरुद्ध चिरनेरची. मी पनवेलहून स्कूटरवर सकाळीच हजर! लगेच लोकमत घ्यायला लागलो.

"काका, कोण जिंकणार?"

"चिरनेरवाले. आमच्या बैलांचा काय खरा नाय."

वडे तळणाऱ्या मावशी? "चिरनेर!" खुद्द नेऱ्याच्या जोडीचा मालक? "आमचा बैल कालपासून चारा खात नाय वो. चिरनेरच येनार."

दहापैकी दहा! मी मेहुण्याला, दामूला, गाठलं. "तू चिरनेर घे, मी नेरे. हरलो तर मिशी उतरवीन!"

"भावोजी, रविवारी पोरीचा साखरपुडा हाय तुमच्या. मिशी तरी राहूदे!"

मी मिशीवरून एकदा हात फिरवला. पण सिद्धांत म्हणजे सिद्धांत!

झेंडा पडला. धुरळा उडाला. धुरळ्यातून पहिली बाहेर आली ती चिरनेरची जोडी. आणि काय सांगू, अख्खं नेरे डोक्याला हात लावून मटकन खाली बसलं!

"अहो, तुम्हीच सगळे चिरनेर म्हणत होतात ना?" मी ओरडलो.

दामू म्हणाला, "शर्यतीआधी आपल्या बैलाला कोन चांगला बोलतो, भावोजी? नजर लागते! मनातून सगला गाव आपल्याच जोडीवर व्हता."

घ्या! लोकांच्या उलट जातो म्हणून मी अख्ख्या गावाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. मिशीला वस्तरा लावण्याआधी न्हाव्यानेही दोनदा विचारलं, "नक्की ना?"

रविवारी हॉलमध्ये व्याही आले. मला ओलांडून इकडेतिकडे बघत बायकोला म्हणाले, "सगळे दिसतात, मुलीचे बाबा कुठे?"

बायको शांतपणे म्हणाली, "ते काय, त्या घोळक्यात बघा. अगदी चारचौघांसारखे दिसतायत ना, तेच!"