दह्यात कालवलेला चुना

माझ्या जिभेला हाड नाही, असं माहेरी उमरीत सगळे म्हणायचे. खरंच होतं ते. पण एका गोष्टीवर मी नऊ वर्षं मूग गिळून बसले.

लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. भोकरच्या घरात बोलणी खायची ती मीच. शेवटी मालक मला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं माझी अकरा स्त्रीबीजं काढली, प्रत्येकात सुईनं यांचा एकेक शुक्राणू सोडला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "एकही जागं झालं नाही."

मी कपाळाला हात लावला. माझंच नशीब फुटकं! पण यांच्या तपासण्या झाल्यावर बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमची बीजं चांगली आहेत." बीजाच्या आत कॅल्शियम साठवलेलंच असतं. शुक्राणू येताना एक पदार्थ घेऊन येतो, त्यानं ते कॅल्शियम आतल्या आत सुटतं, थांबून थांबून, काही तास. तेव्हा कुठं बीज जागं होतं आणि गर्भाच्या वाटेला लागतं. यांच्या शुक्राणूंत तो पदार्थच नव्हता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सात वर्षांत पहिल्यांदा कुणी मला चांगलं म्हटलं होतं. मग यांचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली.

परतीच्या एसटीत हे म्हणाले, "आईला तू नको सांगू. मी सांगतो."

सांगितलं, पण अर्धंच. "डॉक्टर म्हणाले, कॅल्शियमची गडबड हाय." कुणाची, ते गाळलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, ते माझंच धरलं. त्या पान खायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या डबीतला गव्हाच्या दाण्याएवढा चुना वाटीभर दह्यात कालवून माझ्यापुढं धरला. "खा पोरी, यात लई कॅल्शियम असतंय. मला आधी कुणी सांगितलंच न्हाई, उगं तुला टाकून बोलले."

अगं बाई! मला उठताबसता टोचणारी बाई अशी मऊ झाली, आणि तीही खोट्यावर. मी यांच्याकडं बघितलं. हे पेपर वाचत बसले होते. मी वाटी रिकामी केली.

मग रोज सकाळी तेच. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी औषध घालून बीजातलं कॅल्शियम वाढवलं. दोन जागी झाली, पोटात ठेवली, पण टिकली नाहीत. मी आठ दिवस रडले. आत्याबाई गुडघे धरून उठायच्या आणि वाटी आणून द्यायच्या. आज तरी हे सांगतील, असं मला रोज वाटायचं. मीही सांगू शकले असते. पण आईसमोर यांची मान खाली गेलेली मला बघवली नसती. जीव होता माझा यांच्यावर, काय करणार?

यंदा आत्याबाईंनी अंथरूण धरलं. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यात कमी होती, तरी मी तुला अंतर दिलं न्हाई. दिलं का?" हे त्यांचे पाय चेपत बसले होते. मी थांबले. लई वेळ थांबले. हे पायच चेपत राहिले.

"न्हाई दिलं, आत्याबाई," मी म्हणाले.

तेरावं झालं, पाहुणे गेले. हे माझ्याजवळ येऊन बसले, रडून डोळे सुजलेले. म्हणाले, "आता सांग तू. कुणालाबी सांग, मी अडवत न्हाई."

"आता कुणाला सांगू?" मी म्हटलं. "मला फक्त आत्याबाईंना सांगायचं होतं."