पट्टा मीच सोडला होता
हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, पण आज शेजारणीने अंगणात मोहफुलं वाळत घातली आणि त्या गोड, आंबूस वासाबरोबर कचारगडच्या जंगलातली ती सकाळ पुढे आली. एका दरोडेखोराच्या मागावर मी पोलिसांचा कुत्रा घेऊन निघालो होतो. माणूस स्वतः ओळखल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही, हे मीच नव्या शिपायांना शिकवायचो. पण कुत्र्याच्या ओढीने माझा खांदा भरून आला होता. मोहाखाली वाकलेला एक जण आम्हाला पाहून पळाला आणि मी पट्टा सोडला. कुत्र्याने शिकवल्याप्रमाणे त्याचा उजवा हात धरला. तो फुलं वेचायला आलेला मजूर निघाला. "पळाला काऊन बे?" मी ओरडलो. "पोलीस पाहून कोन नाही पळत, साहेब?" तो कण्हत म्हणाला. पट्टा तुटला, असं मी वरिष्ठांना सांगितलं. दवाखान्यात गेलो तेव्हा त्याची बोटं वळत नव्हती, आणि तोच मला समजावू लागला, "मुकं जनावर होय जी, त्याले मारू नोका." मी मान हलवून बाहेर आलो. आता तो मजूर हयात नाही. दादा, चूक माझी होती, मला माफ करा, एवढंच त्या खाटेजवळ म्हणायचं राहून गेलं.