पारशिवनीला हँडल फिरवलं तेव्हा

बावणेकाकांचं नाव आधी घेतो, प्रवास मागून. पारशिवनीचे विठोबाजी बावणे, एका फिरत्या तंबू-सिनेमाचे जुने तबलजी. ते नसते तर सहावीत शाळा सोडलेला, कोल्हापूरच्या थिएटरात मशीन चालवणारा माझ्यासारखा माणूस नागपूरकडे कशाला जातोय? आणि गेलो नसतो, तर स्वतःच्या बापाचं तोंड न बघताच मेलो असतो.

वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांचा. घरात त्यांचा एक फोटो नाही. ते मूकपटाच्या एका कंपनीत सुतार होते. कंपनीनं एक विनोदी चित्रपट काढला होता, वरातीतलं घोडं नवरदेवाला घेऊन उधळतं असा. ऐन वेळी घोडेवाला आला नाही, म्हणून लगाम वडिलांच्या हातात दिला, एवढंच आई सांगायची. पुढे कंपनी बुडाली, चित्रपटही गेला. बोलपट येऊन तीस-पस्तीस वर्षं लोटली, आणि एक पत्र आलं. पत्ता फिल्मच्या डब्यावरच्या शिक्क्यावरून घातलेला, त्या बुडालेल्या कंपनीचा. पोस्टमननं ते आमच्या दारात टाकलं, कारण कंपनीतल्या माणसांपैकी पेठेत आमचंच घर उरलं होतं. ‘घोड्यावरच्या नवरदेवाचा शिनेमा माह्यापाशी हाय. मी म्हातारा झालो. कोणी येऊन घेऊन जा.’ खाली सही, व्ही. बावणे.

कधी येतो ते, आणि लगाम धरणारे माझे वडील होते हे मी उलट टपाली कळवलं. आईनं दशम्या बांधून दिल्या. गाडीत मला झोप नाही. फिल्म विरघळलेली असली तर? वडील त्यात नसलेच तर?

नागपूरला उतरलो तर मे महिन्याचं ऊन चुलीच्या तोंडाशी बसवल्यासारखं. काका फलाटावरच होते, डोक्याला ओला दुपट्टा, काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन डबे. माझ्या पायातल्या कोल्हापुरी पायताणाकडे बघून म्हणाले, “तूच न गा?”

ते आधी घरी चल म्हणत होते. माझ्यात धीर कुठला? नागपुरातल्याच सदर भागातल्या एका थिएटरात गेलो. मशीनवाला मशीनवाल्याला नाही म्हणत नाही. दुपारच्या खेळाआधी त्यानं केबिन उघडून दिली. एका डब्यातली फिल्म गुळासारखी चिकटून गेलेली, दुसरी मात्र सुटली. मी ती हळूच मशीनवर चढवली.

पडद्यावर वारुळात पाणी ओतल्यासारखी माणसं पळाली. बँड, नवरदेव, घोडं, सगळं सुसाट. लगाम धरलेलं कुणीतरी लकाकलं आणि गेलं. सदरचा ऑपरेटर पोट धरून हसला. मी खुर्चीत बसून राहिलो. एवढ्यासाठी आलो होतो.

काका मागून म्हणाले, “काहून पळवून राहिला गा त्यायले? तुह्या बापाले इतकी घाई नव्हती.”

मग त्यांनी समजावलं. बोलपटाच्या मशीनची चाल बांधलेली असते. मूकपट हातानं फिरवायचे, आणि त्यांच्या तंबूत हँडलवाल्याचा हात तबल्याच्या ठेक्यावर चालायचा. पंधरा वर्षं मशीनपाशी काढून मला हे ठाऊक नव्हतं. मान वर करवेना. तंबू मोडला तेव्हा हँडलचं मशीन त्यांनी बंडीवर (बैलगाडीवर) घालून घरी आणलं होतं, म्हणूनच ते घरी चल म्हणत होते.

पारशिवनीची बस वाटेत पंक्चर झाली. पळसाखाली तासभर बसलो. मी डब्यांवर सावली धरून, काका माझ्यावर हसत. घरी सुनेनं वडाभात वाढला (डाळीचे वडे भातावर कुस्करून वर फोडणीचं तेल). “घ्या न भाऊ, लाजू नका. नाहीतर मामाजी गावभर सांगतीन, कोल्हापूरवाल्याले आमचं तिखट झेपलं नाही.” डबे इतकी वर्षं कुठे होते, तेही तिनंच दाखवलं. माठाखालच्या ओल्या रेतीजवळ, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. तिच्या सासूनं ती जागा नेमून दिलेली, आणि दुसरं काही तिथे ठेवू दिलेलं नाही.

जेवण झाल्यावर खिडक्यांना गोधड्या लावल्या. मोटारीच्या बॅटरीवर दिवा पेटवला, भिंतीवर धोतर ताणलं. काकांनी तबला जुळवला.

“हात माह्या ठेक्यावर ठेव. आन् थांबू नको. थांबला का दिव्यानं फिलिम जळते.”

मी हँडल फिरवलं. माणसं माणसांसारखी चालू लागली. नवरदेवानं बाशिंग सावरलं, घोड्यानं कान मागे टाकले, सून खुदकन हसली. मग भिंतीवर एक सडसडीत माणूस आला, हातात लगाम, टोपी कानावर वाकडी.

“हा पाह्य, तुहा बाप,” काका म्हणाले, आणि ठेका मंद केला. “लोक इथं हसत, म्हणून मी हळू घेत जावो.”

माझा हात त्यांच्या ठेक्यामागे मंद झाला. लगाम ओढता ओढता तो माणूस वळला, सरळ माझ्याकडे बघून हसला, आणि घोड्यानं त्याला फरफटत पलीकडे नेलं. मला तिथेच थांबायचं होतं. थांबलो असतो तर जळाला असता. मी हँडल फिरवत राहिलो आणि वडिलांना जाऊ दिलं.

परतीच्या गाडीत डबे ठेवलेल्या ट्रंकेजवळ मी कुणाला विडी पेटवू दिली नाही. जुनी फिल्म दारूगोळ्यासारखी पेट घेते. शेजारचा वैतागून म्हणाला, असं आहे तरी काय त्यात? वडील आहेत म्हटल्यावर तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

घरी आईनं फिल्मची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाली, “टोपी वाकडीच.”

मला वाटायचं, गेलेलं माणूस परत बघायला मोठी विद्या लागत असेल. लागला तो एका म्हाताऱ्याचा ठेका, आणि जागा राखणारी त्याची बायको. आमच्याकडचे कारागीर म्हणतात, या फिल्मवरून नवी प्रत निघेल. काका, ती घेऊन मी पारशिवनीला येईन. बाजारात पडदा लावू, सारं गाव बसवू. हँडल मी फिरवीन. तोवर तुमचे हात सांभाळा, ठेका तुम्हीच धरायचा आहे.