बॅटरी कोण पितंय

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा वाशीतल्या आमच्या सोसायटीत एकच गाडी अशी होती, जिच्यात माणूस झोपू, जेवू आणि वेळ आली तर मरूही शकला असता. ती माझी. आधी ती कुठल्याशा दवाखान्याची अँब्युलन्स होती. भंगारात निघालेली मी उचलली, आत लाकडी पलंग ठोकला, पडदे लावले, छताला छोटा पंखा टांगला आणि पलंगाखाली एक जादा बॅटरी ठेवली. पुढची बॅटरी इंजिनाची, ही मागची घराची. असं चाकांवरचं घर महाराष्ट्रात दुसरं नाही, असं मी लोकांना सांगायचो. ऐकणारा भोळा निघाला तर आशिया खंडापर्यंत जायचो.

पण गाडी हौसेची नव्हती, वडिलांसाठी होती. वडिलांनी तीस वर्षं मार्केटात मिरचीची पोती वाहिली आणि निवृत्त होताना निम्म्या महाराष्ट्राच्या मिरचीचा खकाणा छातीत भरून घरी आणला. दोन पायऱ्या चढल्या की ओठ निळे पडायचे. घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे दीड वर्ष ते खाली उतरलेच नव्हते. त्या वर्षी त्यांनी हट्ट धरला, साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या यात्रेला जायचंच. पुढची यात्रा आपल्या वाट्याची नाही हे त्यांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं.

डॉक्टरांनी आढेवेढे घेत होकार दिला, पण तोंडावर पंखा सतत हवा आणि दर दोन तासांनी वाफेचं मशीन लावायला हवं, अशी अट घातली. मशीन विजेवर चालायचं, म्हणून इन्व्हर्टर आणि म्हणून ती मागची बॅटरी. रस्ता आठ तासांचा, वाटेत दोन घाट. बॅटरी भरलेली असली तर वडील गावाला पोचणार. नसली तर घाटातच कुठेतरी थांबणार, आणि तेही कायमचे.

बॅटरी भरत नव्हती.

गाडी खाली आणि वीज तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली तर सेक्रेटरींनी मीटिंगच बोलावली. त्या वायरीमुळे अख्खी बिल्डिंग जळणार, पाणी भरायला निघालेल्या बायका चिकटणार, असं बरंच काही तिथे बोललं गेलं. शेवटी दुपारी चार ते सहा एवढी मुभा मिळाली, तीही मी वायरीपाशी राखण बसायचं या बोलीवर. मी उन्हात गाडीच्या पुढच्या सीटवर घामाने निथळत बसायचो. सहाला चार्जर काढला की पंखा असा गरगरायचा, की वाटायचं आता छप्पर घेऊन उडतोय. दुसऱ्या दिवशी चारला तोच पंखा एकदा मान हलवून थांबायचा. यात्रेला एकवीस दिवस होते, मग चौदा राहिले, मग नऊ.

मी सगळ्यांवर संशय घेतला. तळमजल्यावरच्यांचा टीव्ही माझ्या बॅटरीवर चालतोय, अशी माझी पक्की खात्री होती. गाडीला दोन कुलपं लावली. इंजिन तास-तासभर चालू ठेवलं, तर मागच्या बॅटरीत चमचाभर वीज गेली, धुराने मात्र पहिल्या मजल्यावरच्यांचं वाळत घातलेलं धुणं पांढऱ्याचं काळं झालं आणि तोही उपाय बंद पडला. मग बॅटरी उचलून रबाळ्याच्या बॅटरीवाल्याकडे न्यायला लागलो. पहिल्या दिवशी ती काढून छातीशी धरली, तोच गॅलरीतून वडील ओरडले.

"छातीशी काय धरतोस, प्वार हाय व्हय ती? पाठीवर घे."

एवढं बोलून त्यांना पाच मिनिटं धाप लागली. त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून मी बॅटरी पोत्यासारखी पाठीवर टाकली. संध्याकाळपर्यंत आतल्या अ‍ॅसिडने शर्टाची चाळण झाली होती आणि पाठीवर अख्ख्या साताऱ्याचा नकाशा उठला होता.

बॅटरीवाला मूळचा बोनकोडे गावचा, कमी बोलणारा माणूस. काचेच्या नळीने त्याने तीन वेळा पाणी तपासलं आणि चौथ्या वेळी मीटर घेऊन स्वतःच गाडीपाशी आला. पंखा बंद, दिवे बंद, इन्व्हर्टर बंद करायला लावला. तरी मीटरचा काटा वरच.

"दादा, बॅटरी चांगली हाय," तो म्हणाला. "तिला कोन तरी पितंय."

त्याने पलंगाखालून एक वायर चिमटीत धरली आणि ती चाचपत चाचपत पुढे सरकला. सीटखालून, दाराच्या कडेने, वर स्टिअरिंगपाशी. तिथे आमच्या ग्रामदैवताचा फोटो होता आणि चौकटीभोवती पाच लाल बल्ब जळत होते.

ते मीच जोडले होते. गाडी घरी आणली त्या दिवशी आईने फोटो दिला, आणि इंजिनाची बॅटरी उतरायला नको म्हणून मी शहाणपणाने वायर मागे नेली. बटण ठेवलं नाही. देवाला बटण कोण लावतं? ते बल्ब रात्रंदिवस जळत होते. मी दोन तासांत भरायचो, ते बावीस तासांत रिकामं करायचे. आणि मी रोज चार ते सहा त्याच फोटोपुढे बसून, त्यालाच हात जोडून म्हणत होतो, देवा, बॅटरी भरू दे.

मी पक्कड उचलली तेव्हा आई खाली आलेली होती.

"त्यास्नी हात लावू नगंस," ती म्हणाली. "ह्यांचा पाय देवाच्या पायरीला लागंस्तवर दिवा मालवायचा न्हाई. बोललेय मी देवाला."

"अगं, ह्या दिव्यापायीच पाय लागणार नाही."

"दिव्यापायी कुठं माणूस अडतंय व्हय?"

पुढचे तीन दिवस मी काय केलं नाही? समजावलं, ओरडलो, जेवण सोडलं, आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडलो. यात्रेला सहा दिवस उरले. शेवटी वाट तिनेच काढली. घरात देवापुढे तेलाचं निरांजन लावलं, ज्योत स्थिर झाल्यावर खिडकीतून हात हलवला, आणि मी खाली वायर तोडली. बॅटरी तीन दिवसांत भरली. मीटरवरचा काटा असा ताठ उभा राहिला की मी सेक्रेटरींना मिठी मारली.

वर आलो तर आई पिशवी भरत होती, एकट्या वडिलांची.

"तेलाचा दिवा हाय," ती म्हणाली. "घरात कुणी तरी पायजे की त्याच्यापाशी. मी न्हाई येत."

राईचा डोंगर मी बसल्या जागी करतो, पण हे एवढं साधं वाक्य मला वडिलांना सांगता आलं नाही.

निघायच्या सकाळी त्यांचे मार्केटातले चार जुने सोबती आले. ज्यांनी आयुष्यभर पोती धावत नेली, त्यांनी वडिलांना खुर्चीत बसवून तीन जिने अर्ध्या तासात उतरवलं. खुर्ची गाडीपाशी टेकवली तेव्हा आई निरांजनाला हाताचा आडोसा करून ओवाळायला आली. त्या सकाळपुरती सेक्रेटरींनी वायर सोडू दिली होती आणि मी नुकताच चार्जर काढला होता. भरत्या बॅटरीतून निघणारा गॅस ज्योतीने पेट घेतो, म्हणून तिला दहा पावलांवरच थांबवलं. तिने तिथूनच ओवाळलं.

"चढ की गाडीत," वडील म्हणाले.

"तुमी जाऊन या. दिवा हाय."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग मला सगळं सांगावं लागलं. चाळीस वर्षांत ते तिच्याशिवाय यात्रेला गेले नव्हते. त्यांनी सोबत्यांना खूण केली आणि खुर्ची तिच्यासमोर नेऊन ठेवायला लावली.

"दिवा कुणासाठी लावलायस?"

"तुमच्यासाठी."

"मग खाली धर."

आमच्याकडे दिवा तोंडाने फुंकत नाहीत, त्याला विझव असंसुद्धा म्हणत नाहीत. आईला उमगलं तेव्हा तिने निरांजन मागे घेतलं.

"फुंकू नका," ती म्हणाली. पण दिवा खाली धरला.

पहिल्या फुंकरीला ज्योत वाकली आणि पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या वेळी छातीतून नुसती शिट्टी वाजली, ज्योतीला कळलंही नाही. मी पुढे झालो, तर त्यांनी हाताने मला मागे सारलं. तिसरीही वाया गेली. इथे मला एखादं वादळ घालता आलं असतं, पण वादळ नव्हतं. चौथ्या फुंकरीला दिवा गेला, आणि त्यांचा श्वासही अडकला.

आम्ही त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. मी मशीनचं बटण दाबलं, मास्कमध्ये वाफ भरली, ओठांचा निळा रंग हळूहळू उतरला. आईने निरांजन कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि अंगावरच्या लुगड्यानिशी गाडीत चढली. मास्क तिने माझ्या हातातून काढून घेतला.

"चल आता," ती म्हणाली.

दोन्ही घाट तिने तो मास्क धरून काढले. गावात पोचलो तेव्हा बॅटरीचा काटा निम्म्यावर होता आणि वडील जागे होते.