बुढापाऱ्यातलं माहेर

मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "शैला, ते गेले..." एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच धरून राहिल्या. पलीकडे त्यांच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. भाऊजी गेले, माझी मोठी बहीण सुमन, माझी अक्का, तर केव्हाच गेलेली. मग आता त्या घराची मी कोण? मंदाताई भाऊजींची दुसरी बायको. त्यांच्या-माझ्यात रक्ताचा थेंब नाही. मधला दुवाच निखळला... मेथीची जुडी हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. याला आता काही आठवडे झाले.

आईवडील आमचे लवकर गेले. माझं लग्न अक्का-भाऊजींनीच लावून दिलं, बाळंतपणंही त्यांच्याकडेच झाली. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला, म्हणून आम्ही रायपूरच्या गुढियारी भागात. तिथून अक्काच्या घरी, बुढापाऱ्यात जायचं म्हणजे माझ्यासाठी माहेरी जायचं. रायपूर राजधानी झालं त्याच सुमारास अक्का गेली. शहरात फटाके, कमानी, लाल दिव्याच्या गाड्या, आणि आमच्या घरात सुतक. भाऊजी सरकारी ऑफिसात नकाशे काढायचे. नव्या राजधानीमुळे त्यांच्या टेबलावर कामाचा डोंगर, पण अख्ख्या शहराचे नकाशे काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात हळदीचा डबा सापडत नव्हता. मुलगा नितीन नोकरीसाठी हैदराबादला. तो फोनवर मला म्हणायचा, "मौसी, पापा कुछ खाते-पीते हैं कि नहीं?" मी म्हणायची, हो रे बाबा. आणि फोन ठेवला की माझाच जीव टांगणीला लागायचा.

पुढच्या पितृपक्षात अक्काची अविधवा नवमी आली. नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. मी सवाष्णच होते, पण भाऊजींच्या गोंदियाच्या काकूंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "पाठची बहीण चालत नाही. बाहेरची पाहा." ओळखीतल्या मराठी बायका नेमक्या गावाला गेलेल्या. शेवटी भाऊजींनाच आठवलं की गल्लीच्या टोकाला नव्या सचिवालयात बदलून आलेल्या एक बाई राहतात. भोपाळच्या, मराठी, गळ्यात मंगळसूत्र. स्वतः जाऊन बोलावून आले. आल्यावर म्हणाले, "लय नाही नाही म्हणून राहिल्या होत्या. भिडस्त दिसतात. मी म्हटलं, तुम्ही आल्याच पायजे."

नवमीला पुरणाचा स्वयंपाक तयार, पाट मांडलेला, बाहेर गुरुजी घड्याळ पाहताहेत. त्या बाई आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून त्यांनी माझा हात धरला. हात बर्फासारखा गार. "माफ करा, मी सवाष्ण नाही हो. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. परक्या गावात एकट्या बाईला कोणी घर देत नाही, म्हणून हे गळ्यात घालते. त्यांना दारात सांगायला धीरच झाला नाही..." अक्काच्या पहिल्याच नवमीला हा घोटाळा! आता पाटावर बसवू कोणाला? तेवढ्यात दारात पाहिलं तर भाऊजी उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ओरडतील. ते खाली पाहत हळूच म्हणाले, "शैला, पाटावर तू बस. काकूले मी पाहून घेतो. अन् बाई, तुम्ही जेवल्याशिवाय जायचं नाही. सुमनच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही आजवर." मी पाटावर बसले, मला वाढलं त्या बाईंनी, म्हणजे मंदाताईंनी. वरणात मीठ घालायचं मी सकाळच्या गडबडीत विसरले होते, तेही त्यांनीच गुपचूप घातलं.

त्यानंतर भाऊजींचं काहीतरी बिनसलं. म्हणजे मला तेव्हा तसंच वाटलं. ज्या माणसाला सकाळी हलवून उठवावं लागे, तो बुढा तलावाला फेऱ्या मारू लागला. शर्टाला कडक इस्त्री. शेजारणी मला पाहून पदराआड हसायच्या. नवी बाई आली की जुनीची माणसं उंबऱ्याबाहेर, हे मी चार घरी पाहिलेलं. अक्काचा फोटो भिंतीवर राहील का? दिवाळीत मला कोण बोलावील? चिडचिड तरी कोणावर करायची? मंदाताई बोलायला इतक्या साध्या की त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

मग एका रविवारी भाऊजी स्कूटरवर गुढियारीला आले. घरात येऊन खुर्चीवर बसले ते हेल्मेटसकट. चहा आला तरी हेल्मेट डोक्यावरच. मी म्हटलं, "भाऊजी, हेल्मेट काढा न. चहा कसा प्याल?" नाइलाजानं काढलं, आणि आमच्या ह्यांना ठसकाच लागला. केस कुळकुळीत काळे, आणि ऐन उन्हाळ्यात घामानं त्या कलपाची एक काळी रेघ थेट कानापर्यंत उतरलेली! त्याही अवस्थेत हा गृहस्थ माझ्याकडे लहान पोरासारखा पाहत होता. "शैला, नितीन तर म्हणतो, पापा कर लो. त्याच्या म्हणण्यावर नाही होत. आपल्यात रीत हाय, पहिलीचं माहेर तेच दुसरीचं माहेर. सुमनच्या माहेरची आता तूच उरली. तू हव म्हटलं तरच. नाहीतर हा विषय इथंच सोडून देतो." रुमालानं कान पुसत होते, त्यामुळे रेघ आणखीच पसरत होती. मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. माझं माहेर माझ्याच हातानं दुसऱ्या बाईला द्यायचं... पण अक्का गेल्यापासून या माणसाच्या डोळ्यांत इतकी आशा मी पाहिली नव्हती. म्हटलं, "हव. पण तोंड धुवा आधी."

तलावाजवळच्या देवळात लग्न लागलं. नवरीच्या बाजूनं आम्ही दोघं. आमच्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्या मंदाताईंची ओंजळ आम्ही भाऊजींच्या हातात दिली. साडी मी नेसवली. नितीन फोटो काढता काढता म्हणाला, "मौसी, अब आप मेरी नानी हो गईं क्या?" सगळे हसले. मीही हसले, पण आत भीती होतीच. ती पुढेही कित्येक वर्षं गेली नाही. दर रविवारी गेले की आधी भिंतीकडे बघायची. अक्काचा फोटो जागेवर असे, त्याला ताजा हार असे. मंदाताईंनी कधी काही वावगं केलं नाही. दिवाळीत बोलावणं आलं, भाऊबीजेला भाऊजींनी साडी दिली. तरी मला वाटे, हे सगळं भाऊजी आहेत तोवर. आणि भाऊजी आजारी पडत गेले तशी ती भीती पुन्हा मोठी होत गेली. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले की मी त्यांच्यासाठी देवाला विनवायची, आणि मनातून कळायचं की त्यातलं थोडं मागणं माझ्यासाठीसुद्धा आहे.

तेरावा झाला. माणसं पांगू लागली. मीही माझी पिशवी भरत होते आणि घर डोळ्यांत साठवत होते. स्वयंपाकघराचा ओटा, मागचं तुळशीवृंदावन, माझ्या बाळंतपणाची खोली. आता इथे कोणत्या नात्यानं यायचं? तेवढ्यात गोंदियाच्या काकू, आता पार थकलेल्या, पण आवाज तोच, बैठकीतून म्हणाल्या, "मंदाले न्यायला कोण आलं?" आमच्याकडे तेराव्यानंतर विधवा बाईला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर नेतात ती तिच्या माहेरची माणसं. एक मुक्काम करवतात आणि परत आणून सोडतात. कोणी आलं नाही तर ती बाई घरातच बसून राहते. भोपाळला मंदाताईंचं कोणीच उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी पुन्हा विचारलं, "अरे, माहेरचं कोणीच नाही काय इचं?" मंदाताई कोपऱ्यात खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची हिंमत नसावी. आणि मला एकदम उमगलं की इतकी वर्षं मी एकटीच घाबरत नव्हते.

"मी हाय न," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की गुरुजीही वळून बघू लागले. "काहून विचारता, काकू? मी आली आहे तिच्या माहेरून. चला मंदाताई, कपडे घ्या."

त्या आमच्याकडे एकच मुक्काम करायला आल्या, आणि मी त्यांना चांगले आठ दिवस ठेवून घेतलं. भाऊजींची एक सवय होती. जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "बसल्या का तुम्ही?" आम्ही बायका बसलो असं कळल्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत. आमच्या ह्यांना असल्या गोष्टी जन्मात सुचल्या नाहीत. ताट आलं की जेवून मोकळे. पहिल्याच दिवशी मंदाताई ओट्यापाशी उभ्याच होत्या, पोळ्या झाल्या तरी बसेनात, बाहेरच्या खोलीकडे कान देऊन थांबलेल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला. जरा अवघडलेला, घसा खाकरून काढलेला.

"बसल्या का तुम्ही दोघी?"

मंदाताई खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मी त्यांचं ताट वाढलं, माझं वाढलं, आणि बाहेर ओरडून सांगितलं, "हव, बसलो. जेवा तुम्ही."